टाकीएवढी इडली

पहिला प्रश्न: कुणी केलं?

झाकण उघडलं तेव्हा टाकीत पीठ नव्हतं. टाकीएवढी एक इडली होती.

"गेल्या शुक्रवारी नुसतं आंबट झालं होतं. आज पुन्हा शुक्रवार, आणि शिजलंच!" विश्वेश्वर म्हणाला. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या या इडली-पिठाच्या कारखान्याचा तो मालक. "तापमान तीसवर लावलेलं, ते नव्वदवर कसं गेलं, अक्का? तो आकडा सांभाळणारा प्रोग्राम स्मृतीचा. आणि बाईसाहेब होसकोट्याच्या दुसऱ्या कंपनीत मुलाखत देऊन आल्यात. संध्याकाळी पोलिसांत जातोय मी."

स्मृतीचा गेटपास त्याच्या खिशात होता. ती दाराशी उभी होती.

ही अक्का म्हणजे पद्मावती, बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. बिघडलेले प्रोग्राम तपासणं हा तिचा धंदा. तिचा मदतनीस रणवीर पुण्याचा. तो गुन्हेगार फार लवकर शोधतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा.

"स्वल्प थांबा," पद्मावती म्हणाली.

पहिल्याच्या आत दुसरा: लॅपटॉपवर का होत नाही?

"मुलाखत दिली, खरंय. म्हणून काय पीठ शिजवीन?" स्मृती म्हणाली. "हाच प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून बघितला. झाकण उघडल्या-मिटल्याचं खोटं खोटं कळवत राहिले. बटण दाबून, न दाबता. आकडा जागचा हलला नाही."

"कसलं बटण?"

"झाकण उघडलं की बजर वाजतो. पडद्यावर प्रश्न येतो, पीठ पाहिलंत का? हिरवं बटण दाबलं की तो मिटतो."

"आणि बटण दाबायच्या आधीच झाकण पुन्हा उघडलं तर?"

"तर पुन्हा विचारतो. आधीचा प्रश्न तसाच थांबून राहतो."

"सरी, कळलं," पद्मावती म्हणाली.

दुसऱ्याच्या आत तिसरा: शुक्रवारीच का?

बजरची वायर निघालेली होती. रणवीरचे डोळे चमकले.

"मीच काढली," इलेक्ट्रिशियन नागोजी म्हणाला. "एरवी वाजतो नि गप्प होतो. श्रावण लागल्यापासून शुक्रवारी दिवसभर केकाटतो. डोकं उठलं माझं."

"सापडला!" रणवीर कुजबुजला.

"वायर काढून इडली होत नाही रे. नाही तर तुझ्या खोलीवरच्या लोंबत्या वायरींनी रोज झाली असती," पद्मावती म्हणाली.

सकवारबाई पिठावर लक्ष ठेवायच्या. "झाकण किती वेळा उघडता?" पद्मावतीने विचारलं.

"पाळण्यातल्या पोराकडं बघावं तितक्यांदा. वास घ्यायला लागतो, अक्का. यंत्राला नाक असतंय काय? सकाळभर बघितलं, जेवून आले तर हे!"

पद्मावतीचं लक्ष पॅनेलकडे होतं. वर मोगऱ्याचा गजरा. प्रत्येक बटणावर हळदी-कुंकवाचं बोट. हिरव्यावरचंही अगदी गोल, कुठे फिसकटलेलं नाही.

"स्मृती, टाकीच्या चिपमध्ये अर्धवट कामं एकावर एक ठेवायची जागा असते. स्टॅक. ती रिकामी जागा एकाच खुणेने भर. दारात रांगोळी पसरावी तशी, कुणाचा पाय पडला की दिसेल. मग तीस लाव आणि लॅपटॉपपासून लांब हो. सकवारबाई, टाकी रिकामी करा, पाणी भरा, आणि सकाळी केलंत तेच करा."

झाकण उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. आणि एकदम पडद्यावरचा तीस जाऊन तिथे भलताच आकडा आला.

स्मृतीचे दोन्ही हात ओढणीत होते.

तिसऱ्याचं उत्तर

"सकवारबाई, हिरवं बटण दाबलं नाहीत?"

"शिव शिव! श्रावणी शुक्रवारची पूजा केलेली. दिवेलागणीपर्यंत हात लावायचा नाही."

"म्हणून शुक्रवार. म्हणून बजरही गप्प होत नव्हता. त्याला उत्तरच मिळत नव्हतं."

दुसऱ्याचं उत्तर

"लॅपटॉपमध्ये थांबलेल्या प्रश्नांना लालबागच्या उद्यानाएवढी जागा. या चिपमध्ये रिक्षाएवढी. प्रोग्राम तोच, पण इथे प्रश्न मावले नाहीत."

पहिल्याचं उत्तर

पद्मावतीने लॅपटॉप विश्वेश्वरकडे वळवला. "ही रांगोळी बघा. टोकापर्यंत पुसली गेलीय. प्रश्नांवर प्रश्न साचले आणि उंबरा ओलांडून शेजारी घुसले. शेजारी राहत होता तुमचा तीस. तो तुडवला गेला. प्रेत स्मृतीच्या आकड्याचं, म्हणून तुम्ही तिला धरलंत. मारेकरी पलीकडून आला."

"पण मॅडम, झाकणाचा प्रोग्राम कुणाचा?" रणवीरने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा योग्य प्रश्न.

"माझाच," स्मृती म्हणाली. "या चिपवर असं तपासायला हवं होतं मी."

"ही चूक झाली. चुकीला दुरुस्ती असते, विश्वेश्वर, पोलीस नसतात."

"मग बटणाला कुंकू नको लावायला," सकवारबाई पुटपुटल्या.

"लावा की!" स्मृती म्हणाली. "जुना प्रश्न मिटवून मगच नवा विचारायचा, असं शिकवते प्रोग्रामला. आणि उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ कायमची. ती पुसली की हीटर बंद."

"बजर जोडतो मग," नागोजी म्हणाला.

विश्वेश्वरने गेटपास पुढे केला. "चुकलं माझं, स्मृती." तो अडखळला. "होसकोट्याला... काय सांगणार आहेस?"

गेटपास गळ्यात अडकवत तिने फोन काढला.

"नाही म्हणून सांगतेय. आत्ताच. प्रश्न साचू द्यायचे नसतात."