ढाळजेत कोण थांबलंय

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या वाढल्या, तसे गावाबाहेरच्या काळ्या रानात दगड रोवून प्लॉट पडायला लागले. पाऊस मात्र त्या मुलखाची वाट विसरला होता. अशातच चाकूरकडच्या खेड्यातला वीरण्णा आपलं किराणा दुकान उचलून लातुरात आला आणि औशाच्या वाटेला त्यानं घर काढायला घेतलं. लेक उमादेवी उदगीरला दिलेली. मागं तिचं एक पोट पडलं होतं. आता पुन्हा दिवस राहिलेले, आणि बाळंतपण नव्या घरातच करायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्या सकाळी चुन्याच्या फक्कीची पिशवी खांद्यावर टाकून तो प्लॉटवर गेला. चांदपाशा मिस्त्री दोरी ताणून उभाच होता.

"मालक, घर मागनं बी होईल. आधी घराचं तोंड सांगा."

"पूर्वेला. दारातनं आत आलं की ढाळज. एका अंगाला बसायला ओटा, दुसऱ्या अंगाला चपला काढायला जागा अन् पाय धुवायला दगड."

"आता कोण ढाळज काढतंय? दार उघडलं की एकदम बैठक. साहेब लोकांची घरं बघा की."

"साहेब लोक चिखल तुडवीत येत न्हाईत."

"चिखल हाय कुठं मालक? दिसला तर मी त्यात नाचीन!" असं म्हणत हसत हसत चांदपाशानं फक्की सोडली. पांढऱ्या रेघा पडल्या. दाराच्या जागी तेवढी रेघ तोडली.

संध्याकाळी वीरण्णाची बायको गौरम्मा आली. रेघांच्या घरात ती दाराच्या फटीतूनच शिरली, रेघ ओलांडून नव्हे. पाय धुवायच्या जागी तिनं एक दगड मांडला आणि त्याच्याशेजारी भरली घागर आणि तांब्या ठेवला. भिंती असोत नसोत, दाराशी आल्यागेल्याच्या पायाला पाणी असावं, ही तिच्या माहेरची रीत. टँकरच्या पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, त्या दिवसांतही तिनं ती मोडली नाही.

दुसऱ्या दिवशी घागर निम्मी झाली होती. दगड ओला होता. भरून ठेवली, तर पुन्हा तेच.

वीरण्णाच्या मनात किडा वळवळला. प्लॉटवर दुसरं असतंय कोण? शेवटी त्यानं विचारलंच.

"चांदपाशा, नमाजाला पाय धूत असशील तर धू. पण सांगून धू."

मिस्त्रीच्या हातातली थापी थांबली. खाली वाकून त्यानं दोन्ही तळवे कोरड्या मातीवर टेकले आणि तोंडावरून फिरवले.

"दुष्काळ पडल्यापसनं आसं करून राहिलो, मालक. पाणी नसलं की माती चालती आमच्यात. तुमच्या घागरीला शिवलो आसीन तर हे हात झडतील."

वीरण्णा वरमला, पण संशय जातो थोडाच? शुक्रवारी चांदपाशा मशिदीत गेला, तेव्हा तो एकटाच बाभळीखाली बसून राहिला. टळटळीत दुपार. वारा पडलेला. लांबवर माणूस नाही, की कुत्रं नाही.

मागं घागरीत तांब्या बुडाला. डुबुक...

मग पाणी ओतल्याचा आवाज. आधी एका पायावर, मग दुसऱ्या. घाई नाही, सांडलवंड नाही. लांबून चालत आलेलं माणूस कसं निवांत पाय धुतं, तसं. वीरण्णाची मान वळेना. वळली, तेव्हा तिथं कोणी नव्हतं. तांब्या मात्र घागरीवर उपडा घालताना डुलतो तसा अजून डुलत होता. बंद आडातल्या शेवाळाचा वास येत होता.

दगडापासून आतल्या बाजूला ओली पावलं उमटली होती. बाईची, अरुंद. बैठकीच्या रेघेपाशी ती जोडीनं थांबली होती, बोटं घराच्या आत. पुढं एकही पाऊल नव्हतं. माघारीही नव्हतं. बघता बघता उन्हानं ती पिऊन टाकली.

चांदपाशा परत आला तेव्हा वीरण्णानं त्याचे दोन्ही हात धरले. "माझ्या तोंडात किडे पडोत बाबा. तुझा काही दोष न्हाई." आणि जे पाहिलं ते सांगितलं.

त्या दोघांनी मिळून दार फिरवलं. पूर्वेची रेघ सांधली आणि उत्तरेला फट ठेवली. ढाळज तिकडं गेली, दगड-घागरही तिकडं गेली. पावलं उत्तरेकडून आली. रेघ कुठंही फिसकटली नव्हती.

"तहानलेलं आसंल गं कोणी," वीरण्णा घरी बायकोला म्हणाला.

चांदपाशा दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "तहानेलं आसतं तर पेलं आसतं, मालक. पाय का धुतंय?... एक सांगा. पाहुणा पाय धुतला की थांबतो कुठं?"

"ढाळजेत."

"कवरपत्तर?"

"मालक 'आत या' म्हणंपत्तर..."

गौरम्मानं पदर तोंडाला लावला.

घागर उचलली. दगडही काढून फेकला. त्यानंतर ओलं काही दिसलं नाही. वीरण्णाला बरं वाटलं, पण चांदपाशा भिंत रचता रचता ढाळजेकडं तिरका बघायचा. "पाणी न्हाई म्हणून पाऊल दिसंना. आलंच न्हाई, आसं कसं म्हणावं?"

घर उभं राहिलं. शहाबादी फरशी बसली. त्या घरात 'आत या' कोणी कोणाला म्हणायचं नाही, असं नवराबायकोनं ठरवून घेतलं. पाहुणा आला तर वीरण्णा त्याचा हात धरून आत ओढायचा. लोक हसायचे. गावाकडनं मठाचे स्वामी आले, त्यांचा हात कसा धरणार? ते ढाळजेत खोळंबून शेवटी आपणच आत आले आणि रुसून गेले. उमादेवीला मात्र यातलं काही सांगायचं नाही, असं गौरम्मा म्हणाली. पोटुशी बाई... धसका घेतला तर? वीरण्णालाही ते पटलं.

लेक दुपारच्या एस.टी.नं आली. गौरम्मानं बाहेरच्या पायरीवर तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला. वीरण्णानं हात पुढं केला.

"आप्पा, या म्हणणार न्हाव का?"

"चल बाई. ऊन लागंल."

"माहेरचं बोलणंबी दुष्काळात आटलं वाटतं," असं म्हणून ती हसली, पण डोळे भरले होते. ढाळज ओलांडून ती आतल्या बाजेवर टेकली. गौरम्मा चहाला गेली. वीरण्णा तिच्या पिशव्या खुंटीला अडकवत होता. लेक सुखरूप आत आली, म्हणून किती दिवसांनी त्यानं पोटभर श्वास घेतला.

"आप्पा, तुमचं बी काही कळत न्हाई बघा," मागून उमादेवी म्हणाली. "माणूस कवाचं ताटकळलंय..."

पिशवी त्याच्या हातातच राहिली. "कोण?... उमा, गप. उमा..."

"मावशी, उनाचं आलाव. तिथं का उभ्या? आत या की."

वीरण्णानं ढाळजेत पाहिलं. उमाची ओली पावलं केव्हाच वाळली होती. कोरडी फरशी होती, उन्हाचा पट्टा होता. दुसरं काही नव्हतं.

उमादेवी पोट सांभाळत बाजेवर एका अंगाला सरकली.

"हाव, बसा," ती म्हणाली.

तिच्याशेजारची रिकामी सुंभं करकरली आणि हळूहळू खाली दबत गेली.