ज्ञानबाच्या मेखा

घोंगड्या डोंगराच्या पायथ्याला बिभीषणमामांचं चहाचं हॉटेल आहे. बार्शीहून तासाभराची वाट. पावसाळ्यात लोक ढग बघायला येतात, थंडीत माथ्यावर तंबू टाकून राहतात, उन्हाळ्यात रात्रीचे चढतात. बारा महिने वर्दळ असते.

आम्ही भवानी पेठेतली चार पोरं. अमावास्येला तारे चांगले दिसतात म्हणून मुद्दाम आलो होतो. दिवसा वर तंबू उभा केला आणि जेवायला खाली उतरलो. मामा आतल्या खोलीत कुणा झोपलेल्या लेकराला पांघरूण घालून आले. आम्ही परत वर जायला बॅटऱ्या काढल्या.

"वर सगळा कातळ हाय," मामांनी सहज विचारलं. "तंबूचं दोर कशाला बांधलं?"

"लाकडी मेखा होत्या की आयत्या, कातळाच्या भेगांत गोल ठोकलेल्या," आमच्यातला अमरेश म्हणाला. "खिळे गाडायची कटकटच नाही."

मामांनी किटली खाली ठेवली.

"बसा."

"मामा, भुताची गोष्ट काढू नका आता. थंडी वाजतीय तेवढी बास."

"बस म्हनलं की."

आम्ही बसलो. मामा सांगू लागले.

मामांचा भाचा जोतिराम. पाहुण्यांना वर तंबू टाकून द्यायचा त्याचा धंदा. दोन हजार तेवीसची कार्तिक अमावास्या, मंगळवार. पाहुणे नव्हते. एकच तंबू वर राहिला होता, वारं सुटायच्या आत तो उतरवून आणायचा होता. घरी बायको पूनम, दिवस भरलेली. वस्तीवर गाडी एकच, जोतिरामची जीप.

"दिवस मावळायच्या आत या," पूनम म्हणाली. "माझं काय खरं न्हाई."

"गेलो न् आलो."

जीपची किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

त्यानंही तंबू त्याच मेखांना बांधला होता. मेखा ज्ञानबाच्या. ज्ञानबा मेंढरं घेऊन माथ्यावर बसायचा. रात्री मेंढरांभोवती जाळं उभं करतात, वाघर म्हणतात त्याला. त्या वाघरीच्या मेखा. एके रात्री वीज पडली. ज्ञानबा गेला, मेंढरंही गेली. मेखा राहिल्या.

"त्या मेखांना दोर बांधू नगं म्हनून जोतिरामला सांगितलं व्हतं मी," मामा म्हणाले. "हसला."

तंबूत शिरून जोतिराम अंथरुणं गुंडाळत होता, तेवढ्यात अंधारलं. निघायला त्यानं तंबूच्या दाराची चेन ओढली. हलेना. फोन वाजला.

"आवो, कुटं हाय तुमी? कळा सुरू झाल्यात."

"आलोच."

"गाडी न्हाई, कोन न्हाई... लवकर या..."

फोन बंद पडला.

तो चेनीशी झटू लागला. बाहेर काठी वाजली. टक... टक... कुणीतरी तंबूभोवती फिरत होतं.

"कोन हाय?"

काठी थांबली. मग आवाज आला. मेंढरं आत घालताना काढतात तसा.

"हर्रर्र... हर्रर्र..."

जोतिरामनं चाकूनं कापड फाडलं. हात बाहेर घातला. बोटांना जाळं लागलं. ते कापलं. मागं आणखी जाळं. तेही कापलं. पुन्हा जाळं...

त्याच्या पोटरीला काहीतरी घासलं. ऊबदार. केसाळ.

तंबूत तो एकटाच होता.

दुसऱ्या बाजूनंही घासलं. ओल्या लोकरीचा वास. सगळीकडून श्वास. हलायला जागा उरली नाही.

"सोड मला," तो म्हणाला. "बायको अडलीय."

बाहेर काठी पुन्हा वाजली.

"ज्ञानबा, सोड... लेकरू झालं की आनून तुझ्या पायावर घालतो."

देवाला बोलतात तसं बोलून गेला.

फाटलेल्या कापडातून एक हात आत आला. अंधारात चाचपत, एकेका पाठीवरून फिरला. जोतिरामच्या पाठीवर थांबला, ओलं बोट ओढून गेला...

चेन सरकली.

तो धावत सुटला. पूनमला जीपमध्ये घातलं, बार्शी गाठली. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सनं बाळाला पुसलं आणि थांबली. पाठीवर बोटभर तांबडा पट्टा. गेरूचा. मेंढरांच्या पाठीवर कळपाची खूण ओढतात तसा. जोतिरामनं पोरीला अजून हातही लावला नव्हता.

"जन्मखूण असेल, मामा," अमरेश हळूच म्हणाला.

"आसंल."

"मग नेली का तिला वर?"

"कशी न्यायची..." मामांनी चुलीत लाकूड सारलं. "तिसरं वर्ष लागलंय. पूनम तिला उंबऱ्याभायेर सोडत न्हाई. आज जोतिराम-पूनम बार्शीला अडकलीत, म्हनून पोरगी माझ्याकडं. साबनानं जात न्हाई ती खून. येरवी वाळल्याली असती."

"येरवी म्हणजे?"

मामांनी आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती.

"तुमी मेखांना दोर बांधून खाली आला, आन् मघाशी पांघरून घालताना तिला कुशीवर वळवली," ते म्हणाले आणि उजव्या हाताचं बोट चुलीच्या उजेडात धरलं.

बोट तांबडं होतं. ओलं.