एका फोनची वाटणी

तळेगाव ढमढेऱ्यात माझं मोबाईलचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती. कॉलेजची पोरं येतात, विचारतात, शेठ, एकाच फोनमध्ये दोन सिस्टिम टाकून देता का. मी सांगतो, होत नाही. खरं म्हणजे होतं, आणि मला येतं. शाळा आठवीत सुटली, पण घड्याळं, रेडिओ, मोबाईल, सगळं उघडून उघडून शिकलो. एका गवळ्याचा फोन दुधाच्या किटलीत पडला होता, तो मी चालू करून दिला तर त्यानं महिनाभर माझ्या चहाला दूध घातलं. तरी हे एक काम मी आता करत नाही. बसा, चहा येतोय, सांगतो.

नदीपलीकडे, दौंडच्या हद्दीत, उसाच्या मधोमध एक वस्ती आहे. तिथं दोन भाऊ राहायचे. थोरला भिमाजी, त्याची बायको सुलक्षणा, आणि धाकटा म्हस्कू, बिनलग्नाचा. वडील गेल्यावर जमीन निम्मी निम्मी झाली. विहीर मात्र एकच, ती कशी कापणार? म्हणून पाण्याच्या पाळ्या लावल्या. दुपारी बारापर्यंत भिमाजीचं पाणी, बारानंतर म्हस्कूचं. पुढं गणेश मंडळाच्या सोडतीत दोघांनी मिळून घेतलेल्या तिकिटाला फोन लागला. दोघं तसेच माझ्या दुकानात आले. म्हस्कू म्हणाला, "शेठ, हिरीवानी करा. निम्मा दादाचा, निम्मा माझा. ह्याचं त्याला दिसाया नको."

मला मोठी हौस. एका फोनमध्ये दोन सिस्टिम टाकल्या. फोन चालू केला की काळ्या पडद्यावर एक आणि दोन असे आकडे यायचे. एक भिमाजीचा, दोन म्हस्कूचा. प्रत्येकाचे नंबर, फोटो, कुलूप वेगळं. एक चालू असला की दुसरा बंद. मी तेव्हाच बजावलं होतं की जागा तेवढीच आहे, बॅटरी तेवढीच आहे, फोन लवकर थकेल. म्हस्कू हसला. म्हणाला, आमी तरी कुठं ताजं हाय.

दोन वर्षांनी म्हस्कू विहिरीत गेला. सकाळची वेळ, म्हणजे पाळी भिमाजीची. मोटर पाणी धरत नव्हती म्हणून कोणीतरी उतरणं भाग होतं. धाकटा उतरला, वर दोर भिमाजीनं धरला होता, तो सुटला. दहाव्याला मी गेलो होतो. भिमाजी एकच वाक्य बोलत होता, माझ्या पाळीत गेला, माझ्या पाळीत गेला.

गेल्या चैत्रात मला दौंडला डिस्प्ले आणायला जायचं होतं. आदल्या दिवशी सुलक्षणाचा फोन आला. त्यांचा तो फोन दुपारी बाराला आपोआप बंद पडतो आणि दोन नंबरवर चालू होतो, तेवढं पुसून द्या. वाटेवरच होतं, पाच मिनिटांचं काम. सकाळी अकराच्या सुमारास वस्तीवर पोचलो.

उसात वारा नव्हता. एवढ्या उन्हातही ओसरीत ओल्या मातीचा वास येत होता, गाळ उपसल्यावर येतो तसा. भिमाजी बाजेवर बसला होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, हात मांडीवर नुसते टाकलेले. मी विचारलं, आजारी होतास का? तो न्हाई म्हणाला आणि त्यानं बायकोकडं बघितलं.

सांगितलं ते तिनंच, चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता. बारा वाजले की हे गप होतात. उठतात, म्हस्कूच्या वावरात जातात, दारं धरतात. दिवस मावळेपर्यंत पाणी देतात. येतात ते डावऱ्या म्हस्कूसारखं डाव्या हातानं जेवतात. मग रात्री जागे होतात आणि विचारतात, माझं जेवण कुठं हाय.

"रोज दोघांचं रांधती मी," ती म्हणाली. "जेवणारा एकच हाय. आन् अंगाला एकाचं बी लागत न्हाई."

भिमाजी खालच्या आवाजात बोलला. "शेठ, बारानंतरचं मला काईच आठवत न्हाई बघा. आदी वाटलं, त्याची पाळी हाय, घेऊ द्या. माझ्याच पाळीत गेला ना तो... पर आता सकाळी बी डोळा उघडत न्हाई. लई दमलो. पुसून टाका."

असली दुखणी मोबाईलवाल्याकडं नसतात, हे मला कळत होतं. पण माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं म्हणून मी फोन हातात घेतला. फोन तापलेला होता. भिमाजी तोंड धुऊन येतो म्हणून विहिरीकडं गेला.

पुसण्याआधी काय आहे ते बघून घ्यायची माझी जुनी सवय. म्हस्कूचं कुलूप मीच बसवलेलं, त्यामुळं दोन नंबर उघडला. वर्षापूर्वी मेलेल्या माणसाच्या बाजूला काल संध्याकाळपर्यंतचे फोटो होते. सगळे एकसारखे. सरीच्या शेवटच्या टोकाला पोचलेलं पाणी. पाणी टोकाला पोचलं की म्हस्कू असा फोटो काढून ठेवायचा, सुलक्षणा म्हणाली. मी फोटो सरकवत राहिलो. एकच वेगळा निघाला. काळ्याभोर अंधारात वर एक गोल उजेड, आणि त्या गोलाच्या काठावरून आत डोकावणारा भिमाजी. दोन्ही हात काठावर टेकलेले, रिकामे.

विहिरीच्या तळातून काढलेला फोटो होता तो.

सुलक्षणाला मी दाखवला नाही. बाहेर ओसरीत आलो, तीही मागं आली, आणि पुसायला घेतलं. दोन नंबर. तीनदा वाचला, तिलाही वाचायला लावला, मग बटण दाबलं. पडद्यावरची रेघ हळूहळू सरकत होती. विहिरीकडून बादलीचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. रेघ टोकाला पोचली. फोन बंद झाला, चालू झाला. आकडे आले नाहीत. थेट भिमाजीची बाजू उघडली, त्याच्या बायकोचा फोटो, त्याचे नंबर, सगळं जागच्या जागी.

"झालं," मी म्हणालो. "आता एकच राहिलं."

सुलक्षणानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. वर्षभरात तिनं तो सोडलाच नसावा. फोनवरचं घड्याळ मी बघितलं. बाराला दहा कमी होते.

उसाच्या बांधावरून तो चालत आला. अंगावरून पाणी निथळत होतं. तोंड धुताना माणूस भिजतो त्याहून खूप जास्त, डोक्यापासून पायापर्यंत. चेहरा मात्र टवटवीत होता. मी आल्यापासून पहिल्यांदाच मला तो ताजा वाटला. त्यानं मला ओळखलं, हसला, शेठ कवा आला म्हणून विचारलं, आणि बाजेवर न बसता उंबऱ्याशी खाली बसला.

"वैनी," तो म्हणाला, "पाणी द्या जरा."

मग आजूबाजूला बघितलं.

"दादा कुठं दिसंना... त्याची पाळी हाय न्हवं अजून?"

सुलक्षणा उठली. तांब्या भरला. रोज नवऱ्याच्या हातात देत असेल, तसा दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि दोन बोटांनी पुढं सरकवला.

त्यानं तो डाव्या हातानं उचलला.