दोघांनीही तार फिरवली

प्रयोगशाळेतलं टेबल नंबर तीन तिनं सकाळी नऊसाठी राखून ठेवलं होतं. येऊन बघते तर तिथे एकजण आधीच बसलेला... भिंगाखाली केसाएवढी काचेची तार धरून.

"हे टेबल माझं आहे."

"माझंही," मान खाली ठेवूनच तो म्हणाला. "काम एकच आहे आपल्याला."

मग त्यानं वर पाहिलं — आणि पुढचं भांडण ती विसरूनच गेली.

त्याला सगळे मुनी म्हणत. दिवसाला दहा वाक्यं म्हणजे त्याची चैन. ती दुसऱ्या शहरातल्या शाखेतून आलेली, तोंडाला टाळा नाही अशी. काम होतं दोघांच्या तारांतला प्रकाश एका डबीत एकत्र करून एकाच तारेतून पुढे पाठवायचं. डबीला दोन दारं. समोरून उभा कंप पावणारा प्रकाश जातो, बाजूनं आडवा. एक उभा, एक आडवा असला, तर एकमेकांना धक्का न लावता दोघं एका वाटेनं जातात. दोन्ही सारखेच असले, तर एकाचा प्रकाश भलतीकडे.

तीन आठवडे असे उडाले की कळलंच नाही. शुक्रवारी चारला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तपासणार होत्या. जमलं नाही तर प्रयोग बंद, आणि ती परत आपल्या शहरात.

शुक्रवारी अकरा वाजता पुढे जाणारा प्रकाश मोजणारं मीटर अर्ध्यावर अडकलं.

"दोन्ही तारा उभ्याच बसल्यात," ती म्हणाली. "एक नव्वद अंश फिरवायला हवी. कुणाचीही चालेल, दारं बदलता येतील."

"जेवून ठरवू," मुनी म्हणाला, आणि दोघं आपापली तार घेऊन आपापल्या खोलीत गेले.

दोन वाजता तारा पुन्हा जोडल्या. मीटर... अर्ध्यावरच.

ती वाकून बघत राहिली. "सकाळी माझा प्रकाश वाया जात होता. आता तुमचा जातोय." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही फिरवलीत?"

"हो."

"मीपण."

"म्हणजे तुम्ही जेवला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे जेवलात? अहो, एका शब्दानं सांगायचं तरी."

"तुम्ही ती तार तीन दिवस घासून बसवली होती," तो हळूच म्हणाला. "ती उखडावी... असं वाटेना."

तिनं भिंग त्याच्या तारेवर सरकवलं.

"तुमची परत उभी करा," ती म्हणाली. "मी हाताची घडी घालून बसते. हलले तर सांगा."

चारला दहा कमी असताना तार बसली. आकडा चढू लागला — सत्तर, पंच्याऐंशी, शहाण्णव. तिनं त्याची बाही घट्ट धरली होती. दोघांनाही ते मॅडम आल्यावरच कळलं.

मॅडमनी आकडा पाहिला, सही केली. "छान. आता वर्षभर सुटका नाही तुमची," म्हणाल्या आणि गेल्या.

मुनीनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा आता लागणार नाही. पण तुम्ही... वाचा एकदा."

तिच्या शहरात बदली मिळावी म्हणून केलेला अर्ज होता. खाली तारीख कालची. कारण — वैयक्तिक.

"वैयक्तिक म्हणजे?"

मुनीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तरी या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

"तुम्ही," तो म्हणाला.

त्यानं कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिनं तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मिळणार नाही. मी जिच्याकडे राहते ना, त्या मावशीला दाखवायचाय. ती रोज विचारते, त्या न बोलणाऱ्या मुलाच्या मनात काय आहे ते तुला कळणार तरी कसं?"