खांबाजवळची पेटी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर एक संथ लाट सरकत होती. डॉ. दामोदर केळसकरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि लाटेवर बोट टेकवलं.

"हे बघ. कानाला ऐकू न येणारा मंद्रनाद. आणि निघतो कुठून? तर त्या बाईच्या पेटीतून."

"हिरण्मयीच्या?" उर्मिला गद्रे शरीरशास्त्रज्ञ. कुणावर पटकन आळ घेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "अण्णा, निधी गोळा करायला ठेवलंय तिला. पावतीपुस्तकं असतील पेटीत."

"पावतीपुस्तकं गुणगुणत नाहीत."

आंजनखाडीच्या सागरसंवर्धन मंडळात ध्वनीचं खातं अण्णांचं. मेलेल्या प्रवाळांवर जीव परत यावा म्हणून त्यांनी समुद्रतळाशी 'प्रवाळहाक' बसवली होती. जिवंत प्रवाळांचा गजबजाट ऐकवणारे ते ध्वनिक्षेपक. माशांची इवली पिल्लं त्या हाकेला ओ देत यायची आणि तिथंच वस्ती करायची. दर एकादशीला अण्णा मंडळाच्या सभामंडपात कीर्तनाला उभे राहायचे. शेवटी आरती, आणि आरतीनंतर ज्याला जे द्यायचं ते त्यानं तळहातावर खाडीचं पाणी घेऊन, उदक सोडून सांगायचं. एकदा उदक सोडलं की शब्द मागे घ्यायचा नाही, अशी इथली रीत.

हिरण्मयी तांडेल नोकरीवर आली ती पहिल्याच एकादशीला खांबाजवळ राखाडी पेटी मांडून बसली. अभंगाला टाळी नाही, डोळ्याला पाणी नाही, नुसती माणसं न्याहाळणं. पेटीला कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. तेव्हापासून एकेकाचं देणं लहान झालं होतं, पण तीच माणसं दर एकादशीला परत येऊन देत होती.

"व्यसन लागल्यासारखी!" अण्णा म्हणाले. "मंद्रनादानं माणसाचं काय होतं, ते तूच सांग."

उर्मिलाबाईंनी नाइलाजानं तोंड उघडलं. "तो ठरावीक लयीत चढत-उतरत राहिला, तर श्वास ती लय धरतो. शेजाऱ्याचाही धरतो. सगळे एका श्वासात आले की मी-तू यांमधली भिंत पातळ होते. माणूस हळवा होतो. हातचं सुटतं."

"म्हणजे मागेल ते देतो."

"न मागताही देतो. पण पुरावा हवा."

"तुझं ते श्वासमापी जाजम अंथर या एकादशीला. मध्यंतरात पेटी बंद करू. दूध का दूध होऊन जाईल."

या एकादशीवरच सगळं अडलं होतं. खाडीच्या तोंडावरचा काळबाचा कातळ विकायला निघाला होता. मंडळाला तो घेता आला नाही, तर तिथे मालधक्का होणार होता आणि प्रवाळांचं सगळं काम गाळाखाली जाणार होतं. पण देवाच्या दारात माणसं भुलवून आणलेल्या पैशावर कातळ वाचवायचा? अण्णांच्या जिवाला ते मानवेना.

एकादशीला पूर्वरंग संपला. बुवांना, म्हणजे स्वतःलाच, हार घालायचा मान अण्णांनी मुद्दाम हिरण्मयीला दिला. ती हार घेऊन पुढे झाली, तेवढ्यात उर्मिलाबाईंनी पेटीची कळ फिरवली.

उत्तररंगाला रंतिदेवाचं आख्यान. स्वतः तहानेनं व्याकूळ असताना ओंजळीतलं पाणीसुद्धा देऊन टाकणारा राजा. मंडप डोलू लागला. आरती झाली आणि सुकट विकणाऱ्या आवडीमावशींनी हातातल्या पाटल्याच उतरवल्या. धर्मा पागीनं उदक सोडून आपली होडी दिली. एकामागून एक माणसं पुढे येत राहिली, आणि बघता बघता कातळाची किंमत उभी राहिली.

अण्णांनी खांबाकडे पाहिलं. पेटी तर बंद होती!

गर्दी पांगू लागली तशी उर्मिलाबाईंनी जाजमाची नोंद समोर धरली. "पेटी चालू होती तोवर प्रत्येकाचा श्वास वेगळा. बंद केली, आणि सगळा मंडप एक श्वास घेतोय."

"पेटी कुणी बंद केली?" मागून हिरण्मयीचा आवाज आला.

"मी करायला लावली," अण्णा म्हणाले. "काय आहे त्या पेटीत?"

"उलटा नाद. बाहेरून येणाऱ्या लाटेचा जिथे चढ, तिथे पेटीचा उतार. दोन्ही मिळून शून्य."

"बाहेरून म्हणजे?"

"तुमची प्रवाळहाक, अण्णा. तिचा खर्ज भरतीला कातळातून चढतो तो थेट या फरशीत."

"अशक्य! माझ्या यंत्रांना दिसला असता."

"समुद्राचा आवाज तुम्ही आधीच वजा करून टाकता ना? त्यातच जातो तो. उरते फक्त माझी पेटी." ती खांबाला टेकली. "नोकरीआधी एकदा आले होते कीर्तनाला. आईचं मंगळसूत्र देऊन गेले. सकाळी कळेना, का दिलं. भुललेला माणूस पुन्हा फिरकत नाही, अण्णा. पेटी लावल्यापासून माणसं परत येतायत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हाक बंद केली असतीत, मासे गेले असते. आणि तुम्हाला वाटलं असतं, लोक कीर्तनानं रडलेच नाहीत कधी. रडतात हो. पेटी चालू असतानाही रडतात. मी बघते ना."

अण्णांचे डोळे भरून आले. "सगळं परत करायचं. पाटल्या, होडी, पै न् पै. आत्ताच!"

हिरण्मयीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हे कोण बोलतंय? पेटी अजून बंदच आहे, आणि तुम्हीही याच फरशीवर उभे आहात. परत देणं हेसुद्धा देणंच की."

 ताटातल्या पाटल्या उचलून अण्णा प्रयोगशाळेत गेले आणि प्रवाळहाकेची कळ खाली ओढली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग श्वास आपल्या वाटेनं चालू लागला, आणि त्याबरोबर मनही. उदक सोडलंय त्यांनी. रीत आहे. गळ्यावर सुरी कुणी ठेवली होती का? कातळ वाचतोय. परत कशाला द्यायचं? हा आवाज कुठल्या यंत्राचा नव्हता. त्यांचा स्वतःचा होता. आजवर इतका स्पष्ट त्यांनी तो ऐकला नव्हता.

ते बाहेर आले. पायरीवर आवडीमावशी चपला शोधत होत्या.

"मावशी, या घ्या."

"अगो बाय! उदक सोडलंय मी, अण्णा. पाप लागंल."

"पाप माझ्या माथी. सकाळी उठून पुन्हा वाटलं, तर आणा."

"आन् नाही वाटलं तर?"

"तर कातळ गेला."

मावशींनी हात पुढे केला. अण्णांची मूठ मिटलेलीच राहिली. शेवटी दुसऱ्या हातानं त्यांनी एकेक बोट उलगडलं.