मापाच्या पाण्याला मुंग्या

कातालिनो आला नाही म्हणजे नाहीच. माझा एव्हेनोर अंगणात चार मेणबत्त्यांच्या मध्ये निजलेला होता. सगळा गाव कॉफी पिऊन गेला. ज्यांना आम्ही कधी दारात उभं केलं नाही, तेसुद्धा पाव बुडवून खाऊन गेले. आणि हा? पंधरा वर्षं माझ्या पोराच्या शेजारच्या उसाच्या सरीत कोयता चालवला यानं. माझ्या नातीला बाप्तिस्म्याच्या वेळी यानं हातावर धरलं. पण पेटीला खांदा द्यायला याचं तोंड दिसलं नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला तरी यावं? तेही नाही. असली मैत्री मी डुकराच्या पुढ्यात टाकत नाही.

पण तेव्हा त्याच्याकडे बघायला मला सवड नव्हती. मला गुन्हेगार सापडला होता. माझ्याच चुलीपाशी.

झालं ते असं. एव्हेनोरची मूत्रपिंडं उसानं खाल्ली, उन्हात कोयता चालवून चालवून. आमच्याकडे दर दोन घरांआड एकाची खाल्लीत. आठवड्यातून तीनदा चिनान्देगा शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन मशीनवर रक्त धुवायचं. त्या सोमवारी सकाळी सून दामारिस त्याला बससाठी उठवायला गेली, तर त्याला पाय हलवता येईनात. शेजाऱ्याच्या गाडीत घालून नेला. रक्त घेतलं. मशीन जोडायच्या आत काळीज थांबलं. चौतीस वर्षांचा होता.

मशीनवरची नर्स इव्हानिया बाहेर आली. तिचे डोळे लाल.

"मावशी, पोटॅशियम आठाच्या वर गेलं होतं. काय खाल्लं त्यानं?"

पोटॅशियम म्हणजे काय ते आम्हाला पाठ आहे. धडधाकट माणसाच्या लघवीतून ते निघून जातं. ज्याची मूत्रपिंडं गेली, त्याच्या रक्तात साठतं आणि एक दिवस काळजाला पकडतं. केळी, घेवडा, टोमॅटो, बटाटा, शहाळं. आम्ही ज्यावर वाढलो, ते सगळं त्याला विष. इव्हानियानं चित्रं काढून यादी दिली होती, ती चुलीच्या वर चिकटवलेली.

आणि चूल कुणाच्या हातात? दामारिसच्या.

मी पेटीसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तू मारलंस त्याला."

दुसऱ्या दिवशी तिनं कपड्यांचं बोचकं बांधलं. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली की पोरीला घेऊन आईकडे जाणार. कायमची. एव्हेनोरचं जगात उरलेलं एवढंच, ती पोर. तीही जाणार होती.

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. तिची बाजू ऐकायला नाही हो. पुरावा पाहिजे होता मला.

"केळं कसं शिजवायचीस?"

"सोलून, बारीक चिरून, रात्रभर पाण्यात. सकाळी ते पाणी फेकायचं. नव्या पाण्यात उकळायचं, तेही फेकायचं. मग परत उकळायचं."

"कुठे फेकायचीस?"

"मागे लिंबाखाली."

"सूपमध्ये नाही घातलंस कधी?"

"आई, चव फेकून देते म्हणून तुम्हीच तर शिव्या द्यायच्या."

द्यायचे खरी.

"शहाळं?"

"दारातलं झाड त्यानंच तोडायला लावलं. डोळ्यांसमोर नको म्हणाला."

तेही खरं. तोडलं तेव्हा तो तोंड फिरवून बसला होता.

"मग मेला कशानं?"

"मला माहीत असतं, तर मी तुमच्या शिव्या ऐकत बसले असते का?" ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली. धूर नव्हता, तरी डोळे पुसले.

मी बस पकडून इव्हानियाकडे गेले.

"त्याच्या रक्ताचे आकडे सांग."

"सोमवारी नेहमीच जास्त असायचं, मावशी. शनिवार-रविवार मशीन नसते ना. पण आधी साडेपाच, सहा. नोव्हेंबरपासून बघा, दर सोमवारी साडेसहा, सात."

"बुधवारी? शुक्रवारी?"

"ठीक असायचं. म्हणून तर मी त्याला दर सोमवारी रागवायचे. हसायचा नुसता."

बसमध्ये मी खिडकीशी बसून विचार केला. दामारिस सातही दिवस रांधते, मग विष रविवारीच कसं येतं? आणि नोव्हेंबरात आमच्या घरात काय बदललं? काहीच नाही. घराबाहेर बदललं. ऊसतोड सुरू झाली.

रविवारी मी पहाटे नाकातामालची टोपली घेऊन कारखान्याच्या फाटकावर बसते, मक्याचं पीठ पानात बांधून उकडलेला तो पदार्थ दुपारपर्यंत संपतो. दामारिस पोरीला घेऊन चर्चमध्ये. एव्हेनोर झोळीत एकटा. एकटा कसला, कातालिनो यायचाच त्याच्यासोबत बसायला. तोडीतली एकच सुट्टी, तीही तो माझ्या पोरापाशी काढायचा. मला कौतुक होतं त्याचं तेव्हा.

घरी आले. झोळीखाली त्याची मापाची बाटली तशीच पडली होती. दिवसाला अर्धाच लिटर पाणी, जास्त झालं की अंगात साठतं; वर पट्टी मारलेली. धुवायचा धीर कुणाला झाला नव्हता. उचलली, तर तोंडाशी मुंग्यांची रांग.

उकळलेल्या पाण्याला मुंग्या?

"दामारिस, यात साखर घालायचीस?"

"नाही बाई. गोडानं तहान वाढते त्याची. घोट घोट मोजून प्यायचा तो."

बाटलीच्या काठाला मी बोट लावलं आणि चाखलं. आधी गोड, मग खारट.

सहाव्या दिवशी शेजारीण तव्यापाशी येऊन बसली. तिचा नवरा कातालिनोच्याच टोळीत आहे. मी म्हटलं, "तुमच्या त्या कातालिनोला लाज नाही."

"अहो तोमासाबाई, तो कुठून येणार? मातीच्या दिवशीच सरीत कोसळला. हातापायांत गोळे, ओकाऱ्या. तीन दिवस आडवा होता. कारखान्यानं रक्त तपासलं आणि कामावरून घरी बसवला. याचीही मूत्रपिंडं बिघडायला लागलीत म्हणतात."

"उन्हानं?"

"तेच तर कळत नाही. रोज मीठ-साखरेची तीन-तीन पाकिटं देतात पाण्यात घालून प्यायला. आमचा पितो, टुणटुणीत आहे. हा का वाळला?"

माझी तव्यावरची तोर्तिया, मक्याची भाकरी, करपली.

"तुझ्याकडे एक पाकीट आहे का?"

अक्षर लावून वाचता येतं मला, पण एवढं मुंगीएवढं नाही. परत बस, परत इव्हानिया. तिनं पाकीट उलटं केलं आणि वाचू लागली. "ग्लुकोज. मीठ. सायट्रेट." मग थांबली.

"वाच की गं."

"पोटॅशियम क्लोराइड." ती भिंतीला टेकली. "मावशी, घामातून जातं ते भरून काढायला घालतात. काम करणाऱ्याला चांगलंच आहे. पण त्याला... मी यादीत केळं काढलं, शहाळं काढलं. हे नाही काढलं."

नवव्या दिवशी दुपारी मी कातालिनोच्या घरी गेले. दंडाला धरून त्याला माझ्या अंगणात आणलं. गाव जमलं होतं. दामारिसचं बोचकं दाराशी तयार होतं. आरोप मी सगळ्यांदेखत केला होता, तर झाडाही सगळ्यांदेखत व्हायला पाहिजे.

"ऐका," मी म्हणाले. "माझ्या पोराला चुलीनं मारलं नाही. चुलीनं मारलं असतं, तर बुधवारीही रक्त बिघडलं असतं. बिघडायचं ते सोमवारी, आणि तेही ऊसतोड लागल्यापासून. पाण्याच्या बाटलीला मुंग्या होत्या. पाणी गोड होतं, खारट होतं. कारखान्याच्या पाकिटाची चव आहे ती. आणि टोळीत सगळ्यांना तीन पाकिटं मिळतात, तरी एकच माणूस अंगातलं पाणी आटून कोसळला. का? कारण त्यानं स्वतःची प्यालीच नाहीत. साठवली. खरं की नाही, कातालिनो?"

तो खाली मातीत बसला. उन्हाळ्यात चिरतो तसा ओठ चिरलेला.

"काकू, मुकादम रोज सांगायचा, प्या, मूत्रपिंडं वाचतील. मला वाटलं, ज्याची गेलीत त्याला जास्त लागत असणार."

"एव्हेनोरला माहीत होतं?"

"दोघांनी मिळूनच ठरवलं. म्हणाला, दामारिसला सांगू नको, यादीबाहेरचं घेतलं म्हणून रडेल."

दामारिसनं तोंडावर हात दाबला.

"किती घालायचास?"

"चार. पण त्या रविवारी म्हणाला, पाय शिशाचे झालेत रे. पाणी तुटलं की आमचे सरीत होतात तसे. म्हणून..." त्यानं दामारिसकडे बघितलं. "नऊ घातली. कडू लागलं असेल. सगळं प्यायला. म्हणाला, पुढच्या तोडीला तुझ्याबरोबर येतो. तो गेल्याचं कळलं तेव्हाच मला बाटलीचा संशय आला; दामारिसवर आळ आल्याचंही ऐकलं, पण तोंड दाखवायचं धाडस झालं नाही."

पाय जड झाले होते ते त्याच विषानं. औषध कमी पडलं असं समजून दोघांनी आणखी ओतलं. दोन बाप्ये, एक बाटली. कुणी थांबवायला नाही. मी फाटकावर नाकातामाल विकत होते.

दामारिसकडे वळले. आयुष्यात मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, नवऱ्यापुढेही नाही.

"पोरी, मी चुकले. बोचकं सोड. नाही सोडलंस तरी तुला दोष नाही. पण चुकले मी, हे सगळ्यांनी ऐकावं."

ती आत गेली आणि कॉफीचा पहिला कप आणून कातालिनोच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

मी त्याच्यासमोर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले.

"कातालिनो, माझ्या पोराचा जीव तुझ्या हातून गेला, पण तो तू घेतला नाहीस. स्वतःच्या तोंडचं काढून दिलंस, त्यावर मी थुंकणार नाही. पण ही बाई नऊ दिवस माझ्या शिव्या खात होती. तुला ठाऊक होतं बाटलीत काय आहे, आणि तू घरात लपून बसलास. तो गुन्हा तुझा, आणि त्यातला अर्धा माझा. तो दोघांनी मरेपर्यंत वाहायचा. आता ऊठ. उद्या सकाळच्या बसनं माझ्याबरोबर रक्त दाखवायला यायचं. तिथे मशीनपाशी एव्हेनोरची खुर्ची रिकामी आहे. त्या खुर्चीत तू बसलेला मला दिसलास ना, तर मग मात्र मी तुला कधीच माफ करणार नाही."