डगल्यातला बनियन

संग्रहालयातल्या शिवणबाईंना त्या डगल्याचा पहिल्या दिवसापासून वैताग होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीला शहराला वेढा पडला, तेव्हा घाईघाईने उभ्या केलेल्या नागरी पथकातल्या कुणा शिपायाचा तो डगला. राखी लोकर, पितळी बटणं, उभी कॉलर. शिपाई लढताना नव्हे, उपासमारीने गेला, एवढंच ठाऊक होतं. डगल्याच्या आतल्या शिवणी कुणीतरी पुन्हा पुन्हा आत घेतल्या होत्या. माणूस वाळत गेला तसा डगलाही आवळत नेलेला.

तो बिनमुंडक्याच्या लाकडी धडावर चढवायचा, आत भर घालून उभा करायचा आणि काचेच्या कपाटात ठेवायचा, एवढंच काम. पण भरायचा कापूस निम्म्यातच संपला. "येईल हो बाई, मागवलाय," असं वरच्या मजल्यावरच्या मॅडम आठवडाभर म्हणत राहिल्या. शेवटी बाईंनी घरून नवऱ्याचा जुना बनियन आणला आणि छातीच्या पोकळीत कोंबला. हे नियमात बसत नव्हतं, पण नियम करणाऱ्यांनी कापूस तरी वेळेवर द्यावा.

थोड्याच दिवसांत डगला छातीवर ताणला, बटणं तटतटली. बाईंनी थोडा कापूस काढला. पुन्हा ताणला. पुन्हा काढला.

"दमट हवेने लोकर आटली असेल," मॅडम म्हणाल्या.

"मग बाह्या नसत्या आखूड झाल्या? हा तर बाळसं धरतोय," बाई पुटपुटल्या आणि परत कात्री-चिमटा घेऊन बसल्या.

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासाआडून आणखी एक वास येई. बारीक, ओळखीचा, घड्याळाच्या तेलाचा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या कपड्यांचा तो वास कितीही धुतले तरी जात नसे. बनियनचाच असणार, असं म्हणून बाईंनी विषय सोडला.

घरी उलटाच ताप. नवरा वाळत चालला होता. दोन्ही वेळा ताट चाटूनपुसून साफ करायचा, तरी सदरा अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायचा. डॉक्टरांना काही सापडेना. दिवसभर तिथे सैल करायचं आणि संध्याकाळी इथे सदऱ्यांच्या शिवणी आत घ्यायच्या, बाईंचा जीव मेटाकुटीला आला.

"खाल्लेलं जातं तरी कुठे तुमचं?"

"मला काय विचारतेस? तोंड पुसेपर्यंत परत भूक लागते," तो म्हणाला. "आणि ते गळ्याचं बटण लावू नकोस गं, जीव गुदमरतो." त्या बटणावरून त्यांची लग्नापासून भांडणं होती. आयुष्यात त्याने ते कधी लावलं नव्हतं.

एका संध्याकाळी तोच सदरा तिसऱ्यांदा आत घेताना बाईंची सुई थांबली. एकाशेजारी एक चेपलेल्या शिवणी, त्याच जागी. अशाच शिवणी त्यांनी दुसरीकडे पाहिल्या होत्या. त्या डगल्याच्या आत.

दुसऱ्या दिवशी बघे पांगल्यावर त्यांनी कपाट उघडलं. कापूस तर त्यांनीच सगळा काढून टाकला होता, आत बनियनशिवाय काही उरलं नव्हतं. तरी डगल्याची छाती गच्च भरलेली. दिवे मिणमिणत होते. तेलाचा वास इतका दाट, की नवरा शेजारी येऊन उभा राहिलाय असं वाटावं. बाईंनी बटणं सोडून आत हात घातला. बनियन उबदार लागला, नुकताच अंगातून काढल्यासारखा.

त्यांनी ओढला. आतून कुणीतरी धरून ठेवला.

"सोडा..." बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. भीतीपेक्षाही त्यांना आता संताप आला होता. "सोडा तो... ते माणूस माझं आहे..."

पकड एकदम सुटली. लांब सुस्कारा सुटावा तसा आवाज झाला आणि डगला खाली बसला. बाईंनी बटणं कशीबशी लावली, कपाट बंद केलं आणि बनियन पिशवीत घालून तडक घर गाठलं.

"हा घाला. आत्ताच्या आत्ता."

नवऱ्याने तो घातला आणि पानावर बसला. सावकाश, एकेक घास चघळत जेवला, आणि अर्ध्या ताटावरच हात आवरला. पोट भरलं होतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. बाईंचे डोळे भरून आले. मेली ती नोकरी, उद्याच सोडते, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि ताट उचलायला वाकल्या.

त्याने सदरा चढवला. खालून वर एकेक बटण लावत गेला, थेट गळ्यापर्यंत.

"अहो, ते गळ्याचं कशाला लावताय?"

"उघडं राहिलं की साहेब ओरडतात."

त्याचं दुकान स्वतःचं होतं. आयुष्यात त्याने कुणाची चाकरी केली नव्हती.

"कुठले साहेब...?"

परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा तो अदबीने उठून उभा राहिला. बाई जवळ गेल्या. त्याच्या अंगाला तेलाचा वास नव्हता, नुसता डांबरगोळ्यांचा होता.

"फार दिवसांनी पोटभर जेवलो, बाई," तो म्हणाला. "तुमचे उपकार झाले."

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तो रिकामा, सैल पडलेला डगला त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तेलाचा वास त्या बनियनबरोबर निघाला नव्हता, तो आतच राहिला होता. आणि निघताना कपाटाला त्यांनीच कुलूप घातलं होतं, दोनदा ओढून बघून.